ब्रिटिश रॅलीचे कॅलेंडर आणि वाढत्या खर्चाचा हिशेब

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा असून चार वर्षांपासून कॉव्हेंट्रीत वाहन-अभियंता म्हणून काम करतो. ब्रिटनमध्ये हंगामात जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे रॅली असते. तरीही प्रवेशिका पुरेशा न आल्यामुळे स्पर्धा रद्द झाल्याचे वारंवार वाचायला मिळते आणि प्रवेशशुल्क मात्र दरवर्षी वाढत जाते. या खेळाची खरी स्थिती काय आहे, खर्च एवढा का वाढला आणि मर्यादित पैशांत सुरुवात करायची असेल तर ती कशी करावी?

उत्तर : मी या खेळात वीसहून अधिक वर्षे आहे. आधी वेल्सच्या जंगलांत मार्शल, म्हणजे मार्गावर सुरक्षा सांभाळणारा स्वयंसेवक, म्हणून उभा राहिलो, मग चालकाला मार्ग सांगणारा को-ड्रायव्हर झालो आणि आता एका क्लबच्या संयोजन समितीत काम करतो. तुम्ही कॅलेंडर आणि खर्च हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले आहेत. माझ्या अनुभवाने ते एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत. गाड्या महाग झाल्या हे खरेच आहे, परंतु सामान्य स्पर्धकाला आज जे प्रवेशशुल्क मोजावे लागते, त्यामागे गाडीपेक्षा स्टेजच्या, म्हणजे वेळ मोजून धावायच्या टप्प्याच्या, प्रत्येक मैलाचा खर्च आणि तो खर्च वाटून घेणाऱ्या गाड्यांची घटती संख्या ही कारणे अधिक मोठी आहेत. स्पर्धा जास्त आणि स्पर्धक तेवढेच, अशी अवस्था झाली की प्रत्येक स्पर्धेच्या वाट्याला कमी गाड्या येतात आणि उरलेल्यांच्या डोक्यावरचा भार वाढतो.

हे समजण्यासाठी ब्रिटिश रॅली मुळात कशावर उभी आहे ते पाहिले पाहिजे. ब्रिटनची प्रमुख रॅली असलेली आरएसी रॅली १९३२ साली सुरू झाली तेव्हा ती बहुतांशी लांबचा प्रवास आणि गाडी हाताळण्याच्या चाचण्या अशा स्वरूपाची होती. १९६० मध्ये जॅक केम्सली या संयोजकाने स्कॉटलंडमधील मोन्युमेंट हिल येथे वेळ मोजून धावण्याचा एक छोटा टप्पा घेतला आणि १९६१ पासून वनखात्याचे खडीचे रस्ते मोठ्या प्रमाणावर स्पर्धेसाठी मिळू लागले. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे कायद्याने शक्य नव्हते, म्हणून या देशाची रॅली जंगलात वाढली. कील्डर, ग्राइझडेल, डाल्बी, हाव्रेन, मिहेरिन, डव्ही ही नावे इथल्या रॅलीप्रेमींच्या तोंडी गावातल्या देवळांच्या नावांसारखी असतात. १९७३ साली जागतिक रॅली स्पर्धामालिका सुरू झाली तेव्हापासून ही रॅली तिचा भाग होती. १९९५ साली कॉलिन मॅक्रे आणि २००१ साली रिचर्ड बर्न्स जगज्जेते झाले, ते याच मातीवर घडले होते. २०१७ मध्ये वेल्सच्याच एल्फिन इव्हान्सने वेल्स रॅली जीबी, म्हणजे नाव बदललेली हीच आरएसी रॅली, जिंकली तेव्हा मी सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या तळावर, होतो आणि वयस्क माणसांना रडताना मी पाहिले आहे.

२०१९ नंतर ती रॅली झालेली नाही. २०२० ची फेरी महासाथीमुळे रद्द झाली, वेल्स सरकारचा आर्थिक आधार संपला आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती नेण्याचे प्रयत्न पैशांअभावी फसले. यामुळे खेळ मेला असे म्हणणे चुकीचे होईल. मात्र त्या एका स्पर्धेच्या ओढीने शेकडो लोक दरवर्षी मार्शलचे प्रशिक्षण घेत, रेडिओचालक तयार होत, स्थानिक परिषदा आणि हॉटेले रॅलीकडे आपुलकीने पाहत. ती ओढ गेली आणि त्याचा फटका जागतिक स्पर्धेशी काहीही संबंध नसलेल्या लहान क्लबांनाही बसला.

आता खर्चाकडे वळतो. समजा, एका दिवसाची, सुमारे ४५ स्टेज मैलांची जंगलातली रॅली आहे. पुढचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. जंगलाच्या रस्त्यांसाठी मैलामागे द्यावा लागणारा आकार (शुल्क), रुग्णवाहिका आणि बचाव पथके, वेळमापन, रेडिओ यंत्रणा, शौचालये, सर्व्हिस पार्कचे भाडे, परवाना आणि विमा हे सगळे मिळून ७५,००० पौंड होतात असे धरू. यातला फार थोडा भाग गाड्यांच्या संख्येप्रमाणे बदलतो. रुग्णवाहिका ६० गाड्यांसाठीही तितक्याच लागतात आणि १२० गाड्यांसाठीही तितक्याच. ११० गाड्या आल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६८० पौंड येतात आणि ७५ आल्या तर तोच आकडा १,००० पौंड होतो. संयोजकांना शुल्क आधी जाहीर करावे लागते, प्रवेशिका नंतर येतात. म्हणून अंदाज चुकला की तोटा क्लबच्या गंगाजळीतून भरावा लागतो, आणि ज्या क्लबची गंगाजळी चार-पाच हजार पौंडांची असते, तो स्पर्धेच्या तीन आठवडे आधी जड मनाने स्पर्धा रद्द करतो. तुम्ही वाचता त्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच गणित असते.

मैलामागचा आकार एवढा का असतो, हे रॅलीनंतरच्या सोमवारी जंगलात गेल्याशिवाय कळत नाही. शंभर गाड्या दोनदा गेल्या की तीव्र वळणाच्या आतल्या बाजूला गुडघ्याएवढा चर पडतो, वरची बारीक खडी कडेला उडालेली असते आणि खालचे मोठे दगड उघडे पडलेले असतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या फोर्ड एस्कॉर्ट गाड्या हा चर अधिक खोल करतात, कारण त्या वळणातून बाहेर पडताना मागची चाके फिरवत, माती उकरत जातात. तो रस्ता मुळात लाकूड वाहणाऱ्या अवजड ट्रकसाठी बांधलेला असतो आणि पुढच्याच आठवड्यात त्यावरून ट्रक जायचा असतो. त्यामुळे ग्रेडर हे सपाटीकरणाचे यंत्र आणून रस्ता ओढून घ्यावा लागतो, नवी खडी टाकावी लागते, रोलर फिरवावा लागतो. डिझेल, खडी आणि यंत्रचालकाची मजुरी या तिन्ही गोष्टी गेल्या काही वर्षांत महागल्या. वेल्समध्ये २०१७ पासून रॅली क्षेत्रातल्याच लोकांनी उभ्या केलेल्या रॅली-फोर-वेल्स या संस्थेने सरकारी वनांतील रस्त्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था आपल्याकडे घेतली, आणि माझ्या मते त्या काळात वेल्सची जंगलरॅली वाचवणारा हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता.

जंगल मिळण्याचे दिवसही कमी होत आहेत. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात काही भाग बंद असतात, उन्हाळ्यात पर्यटक असतात, तोडणी चालू असेल तर रस्ता मिळत नाही. लार्च वृक्षांवर पडलेल्या फायटोफ्थोरा रोगामुळे वेल्समध्ये मोठ्या प्रमाणावर तोड करावी लागली. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या अर्वेन वादळाने उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लाखो झाडे उन्मळून पाडली. त्याच दिवसांत रॉजर अल्बर्ट क्लार्क रॅली ही जुन्या गाड्यांची अनेक दिवसांची स्पर्धा सुरू होती आणि तिच्या कील्डर परिसरातील स्टेज सोडून द्याव्या लागल्या. या सगळ्यामुळे जंगलातल्या स्पर्धा फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या दोन खिडक्यांत दाटीवाटीने बसवल्या जातात.

त्या दाटीचा पहिला बळी मार्शल ठरतात, आणि हा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी वसंतातल्या एका स्पर्धेत मध्य वेल्समधील एका स्टेजचा कमांडर म्हणून माझी नेमणूक होती. सुरक्षा आराखड्यानुसार ४६ मार्शल हवे होते. पहाटे साडेपाचला, दंवाने पांढऱ्या झालेल्या वाहनतळावर, मी कंदिलाच्या उजेडात यादी घेऊन उभा होतो आणि साडेसहापर्यंत ३३ माणसे आली. त्या दिवशी शंभर मैलांच्या आत आणखी दोन रॅली होत्या आणि उरलेली माणसे तिकडे गेली होती. अठराव्या क्रमांकाच्या तिठ्यावर, जिथे चालण्याची पायवाट रस्त्याला मिळते, माणूस ठेवल्याशिवाय स्टेज सुरू करणे शक्यच नव्हते. आम्ही दुसऱ्या स्टेजवरून माणसे मागवली. पहिली फेरी पन्नास मिनिटे उशिरा सुटली आणि दिवस मावळायच्या आत दुसरी फेरी बसेना म्हणून ती रद्द झाली. स्पर्धकांनी पूर्ण शुल्क भरले होते आणि त्यांना सात मैल कमी मिळाले. त्यांच्यातल्या काहींनी पुढच्या वर्षी प्रवेशिका पाठवली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. एक मार्शलही पैसे घेऊन आलेला नव्हता. प्रत्येकाने स्वतःचे पेट्रोल जाळून, स्वतःचा डबा घेऊन, थंडीत नऊ तास उभे राहण्यासाठी रविवार दिला होता.

पूर्वी चार माणसे कमी असली तरी स्टेज चालवून घेत असत, तसे आता कोणी करत नाही, आणि करूही नये. २०१३ मध्ये इन्व्हरनेसजवळच्या स्नोमॅन रॅलीत एका प्रेक्षकाचा आणि २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या सीमाभागातील जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षकांचा मृत्यू झाला. त्यानंतर स्कॉटलंड सरकारने सुरक्षेचा आढावा घेतला, खेळाच्या नियामक संस्थेने ‘रॅली फ्यूचर’ नावाचा कार्यक्रम आखला आणि न्यायालयीन चौकशीही झाली. प्रेक्षकांसाठी आखलेल्या जागा, मनाई क्षेत्रांचे फलक, प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी, तपशीलवार आराखडे हे सगळे त्यातून आले. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. खर्च कमी करण्याची चर्चा निघाली की कोणीतरी सुरक्षेच्या नियमांकडे बोट दाखवते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

जंगलाला पर्याय म्हणून गेल्या काही वर्षांत बंद रस्त्यांवरच्या रॅली पुढे आल्या. आयल ऑफ मॅन आणि उत्तर आयर्लंड येथे ही सोय पूर्वीपासून होती, स्कॉटलंडच्या मल (Mull) बेटावरील रॅलीसाठी १९९० मध्ये संसदेने खास कायदा केला होता. इंग्लंडमध्ये २०१७ साली कायदा लागू झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये एसेक्स परगण्यातील क्लॅक्टन व टेंड्रिंग भागात त्या कायद्याखालची पहिली रॅली झाली. पुढे वेल्स आणि स्कॉटलंडनेही तशी तरतूद केली. वेल्समधील रॅली केरेडिगियन २०१९ साली सुरू झाली आणि २०२४ मध्ये युरोपीय स्पर्धामालिकेत जाऊन पोहोचली. ॲबरिस्टविथच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या रस्त्याने धावणाऱ्या गाड्या पाहायला दुतर्फा उसळणारी गर्दी जंगलात कधीच दिसत नाही, आणि गावातल्या दुकानदारांना रॅलीचा फायदा तिथे डोळ्यांनी दिसतो.

तरीही बंद रस्ता स्वस्त असतो असा समज कोणी करून घेऊ नये. रस्ता दुरुस्तीचा खर्च वाचतो, पण वाहतूकबंदीचे आदेश, जाहिराती, अडथळे, पेंढ्याच्या गाठी, पर्यायी मार्गांचे फलक आणि विमा यांचा खर्च येतो. विम्याच्याच अडचणीमुळे मलची रॅली २०१७ आणि २०१८ मध्ये झाली नाही आणि २०१९ मध्ये परतली. पैशांपेक्षाही जास्त लागतो तो वेळ. अशा एका रॅलीसाठी मी तीन आठवडे घरोघर फिरलो आहे. एका शेतकऱ्याचा दुधाचा टँकर सकाळी साडेनऊला येतो, दोन घरे सोडून राहणाऱ्या आजींना औषध द्यायला परिचारिका अकराला येते, टेकडीवरच्या चॅपेलमध्ये रविवारी प्रार्थना असते. या प्रत्येकासाठी वेळापत्रकात जागा काढावी लागते आणि दिलेला शब्द पाळावा लागतो. एका घराला दिलेला शब्द मोडला की पुढच्या वर्षी सगळी वाडी विरोधात उभी राहते. शिवाय डांबरी रॅलीसाठी स्पर्धकाला आधी रेकी, म्हणजे मार्गाची पाहणी, करून पेसनोट्स, म्हणजे वळणावळणाची टिपणे, लिहाव्या लागतात, म्हणजे एक-दोन दिवसांची रजा आणि हॉटेलचा मुक्काम वाढतो. जंगलातल्या एकदिवसीय रॅलीत बहुधा तयार नोट्स विकत मिळतात आणि शनिवारी पहाटे निघून रात्री घरी परतता येते. नोकरदार माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

गाडीच्या खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. २०१३ मध्ये आर-५ हा वर्ग आला तेव्हा त्या गाडीच्या किमतीला १,८०,००० युरोंची मर्यादा घातली होती. त्याच वर्गाचे आजचे नाव रॅली-२ आहे आणि सर्व साहित्यासह तयार होणारी नवी गाडी त्याहून पुष्कळ महाग पडते. ब्रिटिश रॅली स्पर्धामालिकेत जिंकायचे तर हीच गाडी लागते. शिवाय एकाच मालिकेत जंगल आणि डांबर असे दोन्ही असल्यामुळे सस्पेन्शन, ब्रेक, चाके आणि टायर यांचे दोन वेगळे संच बाळगावे लागतात. वैविध्यासाठी हे चांगले असले तरी खासगी पैशावर धावणाऱ्या तरुणासाठी ते असह्य आहे, आणि मालिका दोन स्वतंत्र भागांत विभागून त्यातला एकच भाग निवडण्याची मुभा द्यावी, असे माझे मत आहे. क्लब पातळीवर मात्र चित्र वेगळे आहे. तिथे अजूनही १९७५ ते १९८० या काळात बनलेल्या दुसऱ्या पिढीच्या एस्कॉर्ट गाड्या मोठ्या संख्येने धावतात. त्या प्रेक्षकांच्या लाडक्या आहेत, परंतु चांगल्या स्थितीतील सांगाडे दुर्मीळ झाल्यामुळे त्याही स्वस्त राहिलेल्या नाहीत.

एका बाबतीत खेळाने मोठे संकट टाळले, तेही नोंदवतो. २०१४ च्या व्नुक खटल्यातील युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे खासगी जागेत चालणाऱ्या वाहनांनाही सक्तीचा मोटार विमा लागू होण्याची शक्यता निर्माण झाली होती. तसे झाले असते तर लहान क्लबांना एकही स्पर्धा परवडली नसती. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून तो अर्थ रद्द केला.

मग उपाय काय? माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण उपाय म्हणजे स्पर्धांची संख्या कमी करणे. प्रत्येक क्लबला आपली परंपरागत तारीख वडिलोपार्जित शेतासारखी वाटते आणि ती सोडायला कोणी तयार होत नाही. मी स्वतः आमच्या समितीत ही चर्चा तीनदा घडवून आणली आणि तीनदा हरलो. ज्यांनी चाळीस वर्षे ती तारीख जपली, त्यांची भावना मला समजते. परंतु शेजारच्या दोन क्लबांनी आलटून पालटून एकेक वर्ष स्पर्धा घेतली, तर दोन्हींकडे शंभराहून अधिक गाड्या येऊ शकतील, मार्शल पुरतील आणि वनाधिकाऱ्यांशी दर ठरवताना आपली बाजू बळकट होईल. रॉजर अल्बर्ट क्लार्क रॅली गेली काही वर्षे एक वर्षाआड होते आणि तिच्यासाठी लोक दोन वर्षे पैसे साठवतात. आयर्लंडमधील डोनेगलच्या तीन दिवसांच्या रॅलीत जागा मिळवण्यासाठी चढाओढ असते, आणि ती काही स्वस्त स्पर्धा नाही. दिलेल्या पैशांच्या बदल्यात मनसोक्त मैल, व्यवस्थित वेळापत्रक आणि गजबजलेले गाव मिळणार असेल, तर स्पर्धक खर्च करतात. तारखा वाटून देताना नियामक संस्था मोटरस्पोर्ट यूकेने जवळच्या दोन स्पर्धांना एकाच दिवसाचा परवाना नाकारला पाहिजे, आणि नकाराची नाराजी स्वीकारली पाहिजे. जागतिक मालिकेतली फेरी ब्रिटनमध्ये परत आणण्याची इच्छा मलाही आहे, मात्र तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च होणार असेल तर त्याचा काही हिस्सा मार्शलांच्या प्रशिक्षणासाठी आणि जंगलरस्त्यांसाठी बांधून ठेवावा.

आता तुमच्या सुरुवातीबद्दल. पहिल्या वर्षी गाडी घेऊ नका. मोटरस्पोर्ट यूकेचे मार्शलचे ऑनलाइन प्रशिक्षण विनामूल्य आहे, ते पूर्ण करा आणि जवळच्या क्लबचे सभासद व्हा. मध्य वेल्सची जंगले कॉव्हेंट्रीहून अडीच-तीन तासांवर आहेत. पाच-सहा स्पर्धांत उभे राहिलात की कोणती गाडी टिकते, कोण शांतपणे चालवतो, कुठे पैसे वाया जातात, हे तुम्हाला आपोआप दिसू लागेल. त्याच काळात क्लबच्या १२ गाड्यांच्या रात्रीच्या फेऱ्यांत नेव्हिगेटर म्हणून बसा. या फेऱ्या खुल्या रस्त्यावर असल्यामुळे सरासरी वेग ताशी ३० मैलांच्या आत ठेवावा लागतो, आणि सगळे कौशल्य पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर असते. कागद वाचण्याची, घड्याळ सांभाळण्याची ही सवय को-ड्रायव्हरला जन्मभर पुरते. को-ड्रायव्हरच्या आसनासाठी अनुभवी चालक माणूस शोधतच असतात आणि बहुतेक जण खर्चातला लहान हिस्साच मागतात.

दुसऱ्या वर्षी चालवायचे ठरवलेत, तर रॅली प्रशिक्षण शाळांची चाचणी देऊन परवाना घ्या आणि आधी विमानतळाची जुनी धावपट्टी किंवा शर्यतीचा ट्रॅक अशा एकाच ठिकाणी होणाऱ्या रॅलीत उतरा. हिवाळ्यात कॅडवेल पार्क, औल्टन पार्क, अँगलसी अशा ठिकाणी त्या होतात. तिथे रस्तादुरुस्तीचा आकार नसतो, गाडी घसरली तर झाडावर न जाता गवतावर जाते आणि एका दिवसात पुष्कळ मैल मिळतात. तुमची मुले असतील तर १४ ते १७ वयोगटासाठी एक लिटर इंजिनाच्या गाड्यांची कनिष्ठ स्पर्धाही अशाच जागी चालते. त्यानंतर १,४०० सीसी वर्गातली निसान मायक्रा किंवा तशीच साधी, कोणीतरी आधीच रॅलीसाठी तयार केलेली गाडी घेऊन जंगलात या. स्वतः गाडी तयार करण्याचा मोह अभियंत्याला होणारच, पण रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पिंजरा), आसने, अग्निशमन संच आणि सस्पेन्शन वेगवेगळे घेतले की बेरीज तयार गाडीच्या किमतीपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त होते.

अशी गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन नंतर ऐका. आधी दार उघडून बेल्टवर शिवलेले लेबल वाचा. त्यावर वैधता संपण्याचे वर्ष छापलेले असते आणि बेल्टचे आयुष्य पाच वर्षांचे असते. मग आसनांवरच्या आणि अग्निशमन संचावरच्या तारखा पाहा. तिन्हींची मुदत येत्या वर्षात संपत असेल, तर विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत तो सगळा नवा खर्च मिळवा आणि त्या रकमेवरच घासाघीस सुरू करा.